लहानपणचं पुरळ आणि फाइलवरचा लाल शिक्का

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमी असाच असतो: "लहानपणी अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतल्यावर अंगावर पुरळ आलं. तेव्हापासून फाइलवर लाल अक्षरांत 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' आहे. ते आयुष्यभर टाळायचं का?"

बहुधा नाही. (अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलंच प्रतिजैविक आहे.) अशी नोंद असलेल्यांची नीट तपासणी केली, तर दहांतले नऊ किंवा त्याहून जास्त जण पेनिसिलिन सहज सोसतात.

आधी वेळ आठवा. डोसनंतर तासाभरात अंगावर पित्त उठलं, ओठ-पापण्या सुजल्या, दम लागला किंवा भोवळ आली, तर ती आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या) प्रतिपिंडांची खरी अ‍ॅलर्जी असू शकते. पित्ताच्या गांधी खाजतात, जागा बदलतात आणि एकेक गांध चोवीस तासांच्या आत मावळते. पाचव्या-सातव्या दिवशी आलेलं, दिवसेंदिवस तिथेच राहिलेलं सपाट लाल पुरळ वेगळं. मुलांमध्ये ते अनेकदा मूळच्या विषाणूचंच असतं. एपस्टाइन-बार विषाणूच्या (घसा आणि गाठी सुजवणाऱ्या) तापात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं की असं पुरळ अनेकदा उठतं, आणि त्याचा अर्थ कायमची अ‍ॅलर्जी असा होत नाही. नुसती मळमळ, जुलाब किंवा 'आईला अ‍ॅलर्जी आहे' हे तर कारणच नव्हे.

खरी अ‍ॅलर्जीही ओसरते. औषध टाळलं तर दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची संवेदनशीलता जाते. म्हणून नंतर कधी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट विनात्रास घेतलं होतं का, हे जुन्या चिठ्ठ्यांत जरूर शोधा. तेही पेनिसिलिनच आहे, पण गोळीच्या ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही.

आपल्याकडे हातावर थोडं औषध टोचून 'टेस्ट' करतात. तिच्यावर फार विसंबू नये. रीतसर चाचणीत शेजारी हिस्टामाइन (गांध उठवणारं) आणि सलाइनही (मीठ-पाणी, तुलनेसाठी) टोचतात, १५-२० मिनिटांनी गांध मोजतात, आणि सलाइनपेक्षा ती किमान ३ मिमी मोठी असेल तरच पॉझिटिव्ह धरतात. तुलनेला काहीच नसेल तर सुईने किंवा तीव्र द्रावणाने आलेली लालीसुद्धा अ‍ॅलर्जी ठरते. उलट, अंगात सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीवरची गोळी) असेल तर खरी प्रतिक्रियाही दबते. ते आठवडाभर आधी बंद हवं.

शेवटचा निर्णय तोंडी डोसवर होतो. जुना किरकोळ पुरळाचा इतिहास असेल, तर त्वचाचाचणी न करताही रुग्णालयात प्रौढाला साधारण ५० मिग्रॅ अ‍ॅमॉक्सिसिलिन देतात, अर्ध्या तासाने उरलेलं ४५० मिग्रॅ, आणि मग निदान तासभर बसवून ठेवतात. जवळ अ‍ॅड्रिनालिन (गंभीर अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) तयार हवं: प्रौढांना ०.५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. घरी हा प्रयोग कधीही करू नका. आणि पूर्वी कातडी सोलवटली असेल, फोड आले असतील, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण झाले असतील, तर हा डोस द्यायचाच नाही. तिथे पेनिसिलिन बंदच.

एवढा खटाटोप कशासाठी? नोंदीमुळे शस्त्रक्रियेआधी सेफाझोलिन या प्रतिजैविकाऐवजी दुसरं औषध दिलं जातं आणि जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. खरं तर सेफाझोलिनच्या रेणूची बाजूची साखळी (अ‍ॅलर्जी बहुतेकदा तिच्यावर ठरते) पेनिसिलिनहून वेगळी आहे, त्यामुळे ते बहुतेकांना चालतं. त्याच गटातल्या सेफॅलेक्सिनची मात्र अँपिसिलिन या पेनिसिलिनशी जुळते, तिथे जपायला हवं.

अ‍ॅलर्जी नाही असं ठरलं, तर रुग्णालयाची फाइल, फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानातली नोंद, तिन्ही ठिकाणची दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्या. जुनी नोंद एकीकडे राहिली की पुढच्या भरतीत ती पुन्हा सगळीकडे उतरते.