दहावं अक्षर: गझल तपासून घेण्याचा माझा अनुभव

२३ दिवस माझा मतला, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळी, आमच्या गझलेच्या व्हॉट्सॲप गटावर पडून होता. ३९ जणांनी अंगठे, गुलाब आणि टाळ्या पाठवल्या. ओळींत दोन चुका होत्या. त्यातली एकही कुणी सांगितली नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधीचं सगळं सुरळीत झालं. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आमच्याकडे घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अक्षरांचं वजन कानात बसायला तीनेक महिने लागले. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ वाचली, बोटांवर लगावली (लघु-गुरू अक्षरांचा क्रम) मोजली आणि भुजंगप्रयात वृत्त धरलं. लगागा (लघु, गुरू, गुरू) चार वेळा, ओळीत बारा अक्षरं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एका छोट्या मुशायऱ्यात वाचायचं ठरलं होतं. म्हणून जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, मी मतला गटावर टाकला.

कधीचा उभा माग आहे रिकामा
मला सांग येऊ कुणाच्या मी कामा

हा कापड विणायचा माग वडिलांचा. मागच्या खोलीत अजून उभा आहे, वर प्लास्टिकचा कागद टाकलेला. धोटा (आडवा धागा नेणारा) हातात घेतला की बोटांना धूळ आणि जुनं तेल लागतं. त्यामुळे या दोन ओळींवर माझा फार जीव होता, आणि ‘व्वा’ आलं की पहिले दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवसापासून वाटेना. मोठ्याने म्हणताना दुसरी ओळ शेवटाजवळ अडखळत होती. का, ते मला कळत नव्हतं. गटावर स्पष्ट विचारलं, ‘वृत्तात काही चुकतंय का?’ उत्तरादाखल फुलांचा गुच्छ आला. पुन्हा विचारलं. गटप्रमुखांनी नियमाची आठवण करून दिली: इथे फक्त दाद द्यायची, सूचना नकोत.

हा नियम कुठून आला तेही सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा गट जिवंत होता. रात्री दहानंतर गझला यायच्या आणि एकेका शेरावर एक-एक वाजेपर्यंत चर्चा चालायची. मी तेव्हा नुसता वाचायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो. माझं निम्मं शिक्षण त्या वहीत आहे. मग एकाने एका नवख्या बाईंच्या पहिल्याच रचनेवर लिहिलं, ‘ही गझलच नाही.’ एवढंच, पुढे काही नाही. बाई रात्रीतून गट सोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी नियम आला.

त्या बाईंसाठी मलाही वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. पण त्या नियमाने शिक्षा झाली ती नीट बोलणाऱ्यांना. जे चार-पाच जण अक्षर अन् अक्षर मोजून सांगायचे, ते आधी गप्प झाले. मग त्यांच्याकडून शिकायला आलेले लिहायचे थांबले. कारण लिहून काय मिळणार, तर गुलाब. भांडण करून कुणीच गेलं नाही. सदस्यांचा आकडा तेवढाच राहिला आणि गझला आठवड्याला दोनवर आल्या. सणाच्या शुभेच्छा तेवढ्या वाढल्या.

एक मधेच सांगतो, नाहीतर राहून जाईल. ‘कशी वाटली?’ असं कधीच विचारू नका, त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नाही. ‘वाचताना कुठे अडखळलात?’ असं विचारा. आणि एका वेळी एकाच माणसाला, एकच शेर.

हे मला उशिरा सुचलं. चोविसाव्या दिवशी त्या गप्प झालेल्यांपैकी एका निवृत्त शिक्षकांना मी थेट फोन केला. माझी-त्यांची ओळख नव्हती. फोन लावण्याआधी तासभर हातात घेऊन बसलो होतो. ते म्हणाले, “रविवारी घरी ये. कागदावर लिहून आण, मोबाइल नको.”

गेलो. चहा आला, शेंगाचटणी-भाकरी आली. त्यांनी कागद बघितलाच नाही. “म्हण,” म्हणाले. मी म्हटलं. “परत म्हण, सावकाश. घाई करायलास.” तिसऱ्यांदा म्हणताना मी स्वतःच थांबलो.

“कितवं अक्षर?” त्यांनी विचारलं.

मोजलं. दहावं. ‘मी’. त्या जागी लघु हवा आणि मी दीर्घ ‘मी’ बसवला होता. म्हणताना नकळत तो ऱ्हस्व करत होतो आणि जीभ तिथेच अडत होती. २३ दिवसांचं कोडं दोन मिनिटांत सुटलं.

दुसरी चूक मला कधीच सापडली नसती. “पुढच्या शेरात काफिये कुठले घेतलेस?” दामा, नामा, मी सांगितलं. (काफिया म्हणजे यमकाचा शब्द. मतल्यात जे जुळतं तेच पुढे प्रत्येक शेरात जुळायला हवं.) “मतल्यात रिकामा आणि कामा. दोन्हीकडे ‘कामा’ आलं. म्हणजे तू ‘का’ पण बांधून टाकलास. आता दामा कसा चालेल?” ओळ त्यांनी बदलून दिली नाही. मी दोनदा विचारलं तरी नाही. “माग तुझ्या घरात आहे, माझ्या नाही,” एवढंच म्हणाले.

उर्दूत याला इस्लाह म्हणतात, उस्तादाने शागिर्दाची रचना तपासणं. भटांनी पत्रांतून किती नवोदितांसाठी हे केलं. ‘ही गझलच नाही’ आणि ‘कितवं अक्षर?’ या दोन्हींना आम्ही एकच नाव दिलं, टीका, आणि एकीच्या भीतीने दुसरी बंद केली. माझं म्हणणं एवढंच आहे.

ओळ बुधवारी रात्री जमली, मागच्या खोलीतच.

कधीचा उभा माग आहे रिकामा
मिळेना अता मोल माझ्याच घामा

आता ‘आमा’ एवढंच बांधलं गेलं, दामाही मोकळा झाला. २७ तारखेला वाचली तेव्हा जीभ कुठेच अडली नाही. सर दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी दाद दिली तेव्हा मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला.

आणखी एक: तपासून घ्यायला जाताना गझल पूर्ण होण्याची वाट बघू नका. मतला झाला की जा. मतला चुकला असेल तर खालचे सगळे शेर वाया जातात. माझे दोन जाता जाता वाचले.

मुशायऱ्यानंतर मी जुना आणि नवा मतला शेजारी-शेजारी गटावर टाकला आणि काय चुकलं होतं ते खाली लिहिलं. नियम मोडला नाही, चूक माझीच होती. गटावर नेहमीचे गुलाब आले. पण त्या रात्री तिघांनी वेगळा मेसेज केला: ‘माझं बघाल का?’ त्यातल्या एकीने वर्षभरात काहीच टाकलं नव्हतं.

तिच्या दुसऱ्या शेरात ‘ती’ लघु धरलाय. लिहून कळवलं तर तुटक वाटेल. उद्या कामावर जायच्या आधी फोन करणार आहे, आधी तिलाच मोठ्याने म्हणायला सांगतो.