'हरममधील बीथोव्हन' पाहायला निघालात, तर आधी संग्रहालय नीट ओळखा

उस्मानी (ऑटोमन) राजपुत्र आणि चित्रकार अब्दुलमेजिद एफेंदी यांनी १९१५ मध्ये रंगवलेल्या 'हरममधील बीथोव्हन' या चित्रासाठी मी इस्तंबूलमध्ये एक पूर्ण दिवस राखून ठेवला होता आणि त्यातला निम्मा चुकीच्या संग्रहालयात घालवला. जुन्या प्रवासपुस्तिकेत ते चित्र दोल्माबाहचे राजवाड्याच्या युवराज-महालात असल्याचे छापले होते. एके काळी ते खरेही होते, कारण १९३७ मध्ये अतातुर्क यांच्या आदेशाने चित्र आणि शिल्पांचे संग्रहालय तिथेच सुरू झाले. आता त्या महालात 'मिल्ली सरायलार रेसिम म्युझेसी' (राष्ट्रीय राजवाड्यांचे चित्रसंग्रहालय) हे निराळेच संग्रहालय आहे, आणि मूळ 'रेसिम वे हेयकेल म्युझेसी' (चित्र-शिल्प संग्रहालय) तोफाने भागात, समुद्रकाठच्या एका जुन्या गोदामात गेले आहे. दोन्ही नावांत 'रेसिम' (म्हणजे चित्र) असल्याने विचारपूस करूनही गोंधळ सुटत नाही.

काबाताशला ट्राम सोडल्यावर राजवाड्याच्या भिंतीकडेने चालत जाणे हा या दिवसाचा सर्वांत वाईट टप्पा. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला अखंड वाहने, डोक्यावर ऑगस्टचे ऊन, आणि राजवाड्याचे मुख्य प्रवेशद्वार आले की पोहोचलो असे वाटते, तेव्हा खरे तर चित्रसंग्रहालयाचे दार बेशिकताशच्या बाजूला बरेच पुढे असते. तिथली, रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीची समुद्रचित्रे उत्तम आहेत, पण मी त्यांच्यासाठी आले नव्हते. रक्षकाने मान हलवून "तोफाने" एवढेच म्हटले तेव्हा रडू आवरले.

त्या वैतागात मी टॅक्सी पकडली, हीच दुसरी चूक. चालकाने मीटर बिघडल्याचे सांगून जेमतेम दोन किलोमीटरसाठी एवढे पैसे उकळले, की परतताना तेच अंतर ट्रामने कापताना कार्डावरून गेलेली रक्कम पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. मीटर नसेल तर दार उघडूच नका. थेट टी-१ ट्रामने तोफाने थांब्यावर उतरा. सोमवार टाळा आणि हे चित्र असलेले दालन खुले आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

चित्र मात्र दोन मीटरहून अधिक रुंद आहे आणि त्याच्यापुढे माझा राग थोडा निवळला. व्हायोलिन वाजवणारी स्त्री म्हणजे चित्रकाराची पत्नी शहसुवार. हरम म्हणताच पाश्चात्त्य चित्रकारांना लोळणाऱ्या उघड्या स्त्रिया दिसत. इथे घरातल्या स्त्रिया बीथोव्हन वाजवत आहेत, त्याचा अर्धपुतळा शेजारी आहे, आणि नवरा स्वतःला लष्करी गणवेशात, एका बाजूला, नुसता श्रोता म्हणून बसवतो. हाच माणूस १९२२ मध्ये खलिफा झाला आणि १९२४ मध्ये देशाबाहेर घालवला गेला. त्याची मुलगी दुर्रुशेहवार पुढे हैदराबादच्या निजामाची सून झाली, म्हणजे तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्याशीही या घराचा धागा जुळतो. (ती शहसुवारची नव्हे, मेहिस्ती या दुसऱ्या पत्नीची मुलगी, मार्गदर्शक सर्रास घोळ घालतात.)

गोएथे वाचणाऱ्या स्त्रीचे १८९८ चे चित्रही शहसुवारचेच मानले जाते, पण ते अंकाराच्या संग्रहात आहे, त्यामुळे त्याच दिवशी तेही पाहण्याचा बेत करू नका. उस्कुदारच्या बाघ्लारबाशी येथील अब्दुलमेजिद यांची हवेलीही नेहमी खुली नसते. तिथे प्रदर्शन सुरू असेल तरच बॉस्फरस ओलांडा.