हातोड्याचा दांडा आखूडच ठेवला

म्योल्निर म्हणजे नॉर्स देव थॉरचा हातोडा. त्याची मी करत असलेली प्रतिकृती गेले तीन आठवडे दांड्यापाशी अडून होती. शनिवारी रात्री अखेर पाइप कापला, म्हणून आज नोंद लिहायला बसलो.

आधी डोक्याचं सांगतो. २४ सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच. १० मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम, आत तीन आडव्या पट्ट्या, त्यामुळे दाबलं तरी बाजू आत जात नाहीत. २०११च्या 'थॉर' चित्रपटातल्या हातोड्याचं रूप खरं तर कडांच्या उतारात आहे. उतार चुकला की राहते ती नुसती वीट. पातं ४५ अंशांत धरून एका दमात ओढायचं. मध्ये हात थांबला की तिथे पायरी पडते, ती घासूनही पुरती जात नाही. माझे दोन तुकडे असे वाया गेले, ते पुन्हा कापले. कडांवरच्या गाठींच्या नक्षीसाठी कटरने दोन मिलिमीटर खोल चिरा दिल्या आणि वरून हीट गन फिरवली. उष्णता लागताच फोमची चीर आपसूक उघडते आणि धातूत खोदल्यासारखी दिसू लागते. दर वेळी ते बघताना मी हातातलं काम विसरतो.

आता दांडा. माप काढायला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या खड्ड्याचं दृश्य सगळ्यात सोयीचं. तिथे हातोडा खडकात रुतलेला आहे, दांडा वर आहे आणि माणसं एकेक करून उचलून बघतायत. त्यांच्या मुठींवरून हिशेब केला, तो ३० सेंटिमीटरच्या आसपास आला. तेवढा पाइप डोक्यात घालून बघितला. दिसायला अगदी चित्रपटातला, पण मनाला पटेना. कारण त्याच आठवड्यात मी स्नोरी स्टर्लुसनची एडा, म्हणजे नॉर्स पुराणकथांचा ग्रंथ, पुन्हा वाचायला काढली होती.

आइसलँडच्या स्नोरीने तेराव्या शतकात म्योल्निर घडल्याची गोष्ट लिहून ठेवली. खोडकर देव लोकीने थॉरच्या बायकोचे, सिफचे केस कापले, त्याची भरपाई करताना तो बुटक्या कारागिरांच्या पैजेत स्वतःचं डोकं लावून बसला. सिंद्री भट्टीत काम टाकतो आणि भावाला, ब्रॉकला बजावतो की मी परत येईपर्यंत भाता थांबवायचा नाही. लोकी माशी होऊन येतो. पहिल्यांदा हाताला चावतो, ब्रॉक हलत नाही. भट्टीतून सोनेरी केसांचा रानडुक्कर निघतो. दुसऱ्यांदा मानेला चावतो, तरी भाता चालूच; ड्राउपनिर ही अंगठी निघते. तिसऱ्यांदा भट्टीत लोखंड असतं. आता माशी पापणीला चावते, रक्त डोळ्यात उतरतं, दिसेनासं होतं. ब्रॉक क्षणभर हात सोडून माशी झटकतो. तेवढ्यात भाता बसतो. म्योल्निर निघतो तो आखूड दांड्याचा. तरीही देव निवाडा देतात की सगळ्या वस्तूंमध्ये हाच श्रेष्ठ.

हाताने काहीही घडवणाऱ्या माणसाला याहून जवळची गोष्ट मी वाचलेली नाही. चित्रपटात थॉरचा बाप ओडिन सांगतो की हातोडा मरणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात घडला. ते भव्य आहे, पण त्यात भाता नाही, पापणीवरचं रक्त नाही. म्हणून मी ठरवलं, डोकं चित्रपटाचं आणि दांडा स्नोरीचा. ३०चा २१ केला. एक मूठ बसते, वर दोन बोटं जागा उरते.

कापल्यावर तोल बदलला. फोमचं डोकं हलकं, त्यात दांडा आखूड, त्यामुळे हातात खेळण्यासारखं वाटायला लागलं. पाइप डोक्याच्या पार वरपर्यंत नेला, दोन्ही टोकांना एमडीएफच्या चकत्या बसवल्या आणि आत चाळलेली कोरडी वाळू ठासून भरली. आता उचलताना मनगटाला वजन कळतं, तरी डोकं बाहेरून मऊच आहे, त्यामुळे गर्दीत कुणाला लागायची भीती नाही. वाळू भरण्याआधी खालची चकती पक्की चिकटवून एक रात्र सुकू द्या. मी घाई केली आणि अर्धी वाळू फरशीवर आली.

चामड्याची पट्टी तिरकी गुंडाळून झाली आहे. रंग काळा, त्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी, कडांना जास्त.

२०१८च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॉरच्या नव्या शस्त्राला, स्टॉर्मब्रेकरलाही दांडाच नसतो आणि शेवटी झाडासारखा ग्रूट स्वतःचा हात तोडून देतो. तिथल्या कारागिराचं नाव एत्री. स्नोरीच्या काही हस्तलिखितांत सिंद्रीच्या जागी हेच नाव येतं. आखूड दांड्याची आठवण तिथे कुणीतरी जाणून ठेवली आहे, असं मला मनापासून वाटतं.

हातोड्यावर कोरायच्या लेखाचं काय करायचं, यावर बरेच दिवस घोळ होता. जो लायक तोच हातोडा उचलेल, ही अट कॉमिकमधली. थॉर तिथे १९६२ साली आला. जुन्या काव्यात मात्र थ्रिम नावाचा राक्षस हातोडा सरळ चोरून जमिनीखाली खोल पुरतो, आणि स्नोरीच्या थॉरला दांडा धरायला लोखंडी हातमोजे लागतात. माझ्या आखूड दांड्याला ती अट शोभली नसती.

डेन्मार्कच्या लोलांड बेटावर क्योबेलेव्हला २०१४ मध्ये दहाव्या शतकातलं एक चिमुकलं हातोडा-लटकन सापडलं. अशी लटकनं हजारावर मिळाली आहेत, पण रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतला लेख असलेलं हे पहिलंच. लेख एवढाच, की हा हातोडा आहे. त्यातही कोरणाऱ्याकडून 'हमर' शब्दातला पहिला स्वर सुटून गेला आहे. पुढच्या रविवारी तेच रून दांड्याच्या बुडाशी सुईने कोरणार आहे, सुटलेला स्वर तसाच सुटलेला ठेवून. मग मनगटाचा पट्टा, आणि त्यानंतर हातमोजे.