मदत न करण्याची सेवा

वारीत पाय चेपून देणाऱ्यांची रांग पाहिलेल्या माणसाला आयडिटारॉडचा, म्हणजे अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीचा, नियम पचायला जड जातो. अँकरेज ते नोम, सुमारे 1600 किलोमीटर. मशर, म्हणजे स्लेज (कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी) हाकणारा, मध्यरात्री चेकपॉइंटवर येतो तेव्हा मिशा गोठलेल्या असतात, डोळे मिटत असतात. आणि स्वयंसेवकाने त्याच्यासाठी पेंढ्याचा भारासुद्धा उचलायचा नाही!

वेळ लिहायची, कुत्री मोजायची, सक्तीचं सामान बघायचं: स्लीपिंग बॅग, कुऱ्हाड, स्नोशूज (बर्फात न रुतणारे जोडे), कुकर (पाणी तापवायची शेगडी), कुत्र्यामागे आठ बूट. थांबणार का विचारायचं. ‘हो’ म्हणाला तर सगळ्यात पुढच्या कुत्र्याला धरून टीम जागेवर न्यायची. संपलं काम. 16 कुत्री असतील तर त्यांच्या पायांतले 64 बूट त्यानेच काढायचे, पेंढा त्यानेच पसरायचा, मिथेनॉलच्या कुकरवर पाणी तापवून मांस त्यानेच भिजवायचं. तयार गरम पाणी कुठे मिळालंच तर ते सगळ्यांना सारखं मिळायला हवं.

हाच नियम गाण्यांपर्यंत पोचला. 2015 मध्ये एका मशरला आयपॉड टचपायी बाद केलं. ऐकायचा गाणीच, पण त्याला वायफाय होतं, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण शक्य. डोकं फिरतं ऐकून! तसं म्हटलं तर वाटेवरच्या गावांत इंटरनेट आहे आणि प्रतिस्पर्धी किती पुढे आहे हे कळणं हीसुद्धा मदतच. तरी गाणं इथे चैन नव्हे. सहाएक तास पळायचं, तेवढंच थांबायचं, त्यातही झोप मिळते तासा-दोन तासांची. डुलकी लागून मशर पडला तर टीम थांबत नाही, पुढे निघून जाते. म्हणून कानात गाणी. प्लेअर आतल्या कपड्यात, अंगाला लागून, नाहीतर थंडीने बॅटरी बसते. एक कान मोकळा ठेवलेला बरा. कुत्र्याची चाल बिघडली तर आधी आवाजात कळते. 2017 पासून फोनलाही परवानगी मिळाली. दोन वर्षं उशिरा, पण मिळाली.

हात सैल सुटतात ते फक्त मागे ठेवलेल्या कुत्र्यासाठी. दमलेलं, लंगडणारं कुत्रं मशर सोपवतो आणि मग ते स्वयंसेवकांचं: केबलला बांधणं, पेंढा, खाणं, पशुवैद्याची तपासणी आणि स्वयंसेवक वैमानिकाच्या छोट्या विमानातून परत. आपली टीम निघाली की ते मान वर करून सूर लावतं, बाजूची लगेच साथ देतात. तेव्हा त्याच्याजवळ बसायला कुठला नियम आड येत नाही.