परदेशी एमएससीची असाइनमेंट: बडोद्यात बसूनच करता येईल अशी तयारी

बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं इंग्रजीला बिचकत नाहीत. घरात मराठी, खंडेराव मार्केटात गुजराती आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकण्याचं माध्यम इंग्रजी, अशा तीन भाषांत ती वाढतात. बीकॉम-बीबीएचे पेपर इंग्रजीत लिहितात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बऱ्यापैकी बँड (गुण) मिळवतात. मग सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये मॅनेजमेंट किंवा फायनान्सच्या एमएससीला दाखल होतात आणि पहिल्याच असाइनमेंटवर शेरा येतो: 'टू डिस्क्रिप्टिव्ह'. नुसतं वर्णन आहे, तुमचं म्हणणं कुठे आहे? व्याकरणाच्या चुका फारशा नसतानाही हा शेरा येतो आणि गुण ५० च्या आसपास अडकतात.

याचं कारण आपल्या परीक्षेच्या सवयीत आहे. वार्षिक परीक्षेत 'व्याख्या लिहा, महत्त्व सांगा' असा प्रश्न असतो. आपण व्याख्या देतो, सहा-सात मुद्दे उपशीर्षकांसह मांडतो, त्याखाली रेघा ओढतो, पुरवण्या जोडतो. जितके मुद्दे, तितके गुण. तिथला प्रश्न वेगळा असतो: 'क्रिटिकली इव्हॅल्युएट'. म्हणजे एखादा दावा कितपत टिकतो, कोणत्या परिस्थितीत टिकत नाही, आणि असं का, हे पुराव्यानिशी सांगायचं. तिथे सात मुद्दे उथळपणे मांडण्यापेक्षा तीन मुद्दे खोलवर नेणाऱ्याला जास्त गुण मिळतात.

आयईएलटीएसच्या तयारीने ही उणीव भरत नाही. अकॅडमिक परीक्षेतल्या दुसऱ्या टास्कला ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात, तेही डोक्यातल्या डोक्यात उदाहरणं जुळवून. संदर्भ द्यायचा नसतो, वाचलेलं काही वापरायचं नसतं. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली 'इन धिस मॉडर्न एरा' छापाची सुरुवात त्या ४० मिनिटांपुरती खपून जाते. एमएससीच्या असाइनमेंटमध्ये तेच वाक्य आलं, की तपासणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की लिहिणाऱ्याने प्रश्न नीट वाचलेला नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की व्हिसाच्या धावपळीआधीचे चार-सहा महिने हातात असतील, तर त्यातला मोठा भाग परिच्छेद बांधायला शिकण्यात घालवा. शब्दसंग्रह वाढवण्याला दुसरा नंबर द्या.

आधी साधं गणित करा. समजा, असाइनमेंट २,५०० शब्दांची आहे. प्रस्तावनेला साधारण २२५ आणि निष्कर्षाला २२५ धरले, तर मधे २,०५० उरतात. अकॅडमिक परिच्छेद साधारण १५० ते २०० शब्दांचा असतो, म्हणजे मधे अकरा-बारा परिच्छेद बसतात. एका मुद्द्याला तीन परिच्छेद दिले, तर जेमतेम चार मुद्दे मांडता येतात. हे कागदावर दिसलं की 'स्वॉट'चे चारही चौकोन, पेस्टेलची सहाही अक्षरं आणि मायकेल पोर्टरची स्पर्धेची पाचही बलं, अशा व्यवसाय तपासायच्या सगळ्या ठरावीक चौकटी एकाच असाइनमेंटमध्ये कोंबण्याचा मोह आपोआप सुटतो. पोर्टरने पाच बलांची चौकट १९७९ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडली, हे परीक्षकाला ठाऊक असतं. तुमच्या उदाहरणात पाचपैकी कोणतं बल निर्णायक ठरतं आणि बाकीची का नाहीत, हे त्याला तुमच्याकडून हवं असतं.

आता परिच्छेद. उदाहरण आपल्या गावचंच घेऊ. समजा, विषय आहे बँकांचं विलीनीकरण. बहुतेक जण पहिल्या मसुद्यात असं लिहितात: बँक ऑफ बडोदा ही भारतातली एक अग्रगण्य बँक आहे. तिची स्थापना १९०८ साली महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी केली. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक तिच्यात विलीन झाल्या. विलीनीकरणाचे अनेक फायदे असतात. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, तरी परिच्छेदाला गुण नाहीत, कारण 'मग काय?' या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

त्याच माहितीतून दावा काढता येतो: या विलीनीकरणात दोन बँकांनी दोन वेगळ्या गोष्टी आणल्या, त्यामुळे त्याचे फायदे एकाच मापाने मोजता येत नाहीत. हे झालं पहिलं वाक्य. पुढे पुरावा: विजया बँकेचं मुख्यालय बेंगळुरूला होतं आणि तिचा जोर दक्षिणेत होता, म्हणजे बँक ऑफ बडोदाला नवा प्रदेश मिळाला. देना बँकेचा जोर गुजरात-महाराष्ट्रात होता, जिथे बँक ऑफ बडोदाच्या शाखा आधीपासून होत्याच. शिवाय देना बँकेवर त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे 'प्रॉम्प्ट करेक्टिव्ह ॲक्शन'चे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या कमकुवत बँकांवर घातले जाणारे, निर्बंध होते. मग स्पष्टीकरण: पहिल्या बाबतीत वाढ बाजारपेठेच्या विस्तारातून येऊ शकते, दुसऱ्या बाबतीत फायदा झालाच तर जवळजवळच्या शाखा एकत्र करून खर्च वाचवण्यातून, आणि त्याबरोबर थकीत कर्जांचा भारही पदरात येतो. शेवटी मर्यादा आणि पुढचा दुवा: हे वाटप फक्त भूगोलाच्या नजरेतून केलेलं आहे, कर्मचारी आणि संगणकप्रणाली एकत्र आणण्याचा खर्च पुढच्या परिच्छेदात.

दावा, पुरावा, स्पष्टीकरण, मर्यादा. यातलं स्पष्टीकरण सगळ्यात जास्त वेळा गळतं. पुरावा दिला की काम झालं असं आपल्याला वाटतं, कारण शाळेपासून परीक्षक तो जोड आपल्या मनाने लावून घेत आला आहे. तिथला परीक्षक लावून घेत नाही. मसुदा झाला की दोन रंगांचे हायलायटर घ्या: उसनी माहिती पिवळ्याने, तुमचा स्वतःचा विचार हिरव्याने. परिच्छेद सगळा पिवळा दिसला, तर 'टू डिस्क्रिप्टिव्ह' हा शेरा ठरलेला. सगळा हिरवा दिसला, तर संदर्भ शोधायला बसा.

वाक्याच्या पातळीवर मराठी माणसाच्या काही खास अडचणी आहेत, त्यातल्या काही सामान्य व्याकरणाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण आधी कारणं, अटी, पार्श्वभूमी सांगतो आणि मुद्दा शेवटी ठेवतो. इंग्रजीत तशीच रचना केली, की कर्ता आणि क्रियापद यांच्यात तीन ओळींचं अंतर पडतं. उपाय सोपा आहे: प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा. पहिल्या दहा-बारा शब्दांत ते आलं नाही, तर वाक्य तोडा. दुसरं, आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. तो काढून टाकला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तिसरं, रिसर्च, एव्हिडन्स, इन्फर्मेशन, फीडबॅक यांना 'एस' लावून अनेकवचन करायचं नाही. चौथं, 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही. 'अ' आणि 'द' यांचं काय, असं सगळे विचारतात. ते शेवटी सुधारलं तरी चालतं, कारण त्यामुळे अर्थ क्वचितच बिघडतो. एकच गोष्ट मात्र लक्षात ठेवा: एखादी गोष्ट पहिल्यांदा आली तर बहुधा 'अ', तीच पुन्हा आली की 'द'.

ऑफिसातली भाषाही बाहेर ठेवा. 'ॲज पर', 'काइंडली', 'द सेम' हे शब्द बडोद्यातल्या कुठल्याही कंपनीच्या पत्रव्यवहारात शोभतात, असाइनमेंटमध्ये नाहीत. तसंच कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचं. आकड्यांसाठी ते जरूर वापरा, पण त्यांची भाषा उचलू नका. अहवालातलं 'वर्ल्ड-क्लास', 'लीडिंग', 'रोबस्ट' हे भागधारकांना उद्देशून असतं. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेचे अहवाल वाचा. फुकट मिळतात, वाक्यं नेटकी असतात, आणि ठाम कुठे व्हायचं, सावध कुठे राहायचं हे त्यांत पानोपानी दिसतं.

हा सावधपणा शिकण्यासारखा आहे. 'प्रूव्हज' हे क्रियापद मॅनेजमेंटच्या लेखनात जवळजवळ वापरूच नये. एका कंपनीच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, 'सजेस्ट्स' किंवा 'इंडिकेट्स' म्हणावं. दुसऱ्याचं मत सांगताना 'आर्ग्यूज', त्याने मोजून दाखवलेलं सांगताना 'फाइंड्स', आणि ज्याच्याशी तुम्ही सहमत नाही त्याच्यासाठी 'क्लेम्स'. एवढ्या एका शब्दाने तुमची भूमिका वाचणाऱ्याला कळते. पण एकाच वाक्यात 'मे', 'पॉसिबली' आणि 'टू सम एक्स्टेंट' तिन्ही आले, तर तो सावधपणा राहत नाही, लिहिणाऱ्याला काही म्हणायचंच नाही असं वाटतं. अशा वाक्यरचनांचा मोठा साठा मँचेस्टर विद्यापीठाने 'अकॅडमिक फ्रेजबँक' या नावाने वेबसाइटवर मोफत ठेवला आहे. त्यातली दहा-पंधरा वाक्यं निवडून तीच आधी वापरात आणा, सगळी एकदम नकोत. शब्दांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) अकॅडमिक वर्ड लिस्ट आहे. तिचेही गट पाडून आठवड्याला एक घ्या.

आता सगळ्यात धोक्याची जागा: दुसऱ्याचं लेखन आपल्या शब्दांत मांडणं. बरेच जण मूळ वाक्य समोर ठेवून शब्दाला शब्द बदलतात. रचना तीच राहते, फक्त 'इंपॉर्टंट'चं 'क्रूशियल' होतं. टर्निटिनसारखी, इतरांच्या लेखनाशी जुळणी शोधणारी प्रणाली बाकीचे तसेच राहिलेले शब्द पकडते, आणि नाही पकडले तरी परीक्षकाला भाषेचा सूर बदललेला जाणवतो. यावर मराठी मुलांकडे एक हुकमी साधन आहे. परिच्छेद दोनदा वाचा, टॅब बंद करा, आणि त्याचा सारांश दोन ओळींत मराठीत लिहा. लिहिता आला नाही, तर तो तुम्हाला समजलेलाच नाही, पुन्हा वाचा. थोड्या वेळाने त्या मराठी ओळींवरून इंग्रजीत लिहा आणि मग मूळ उघडून तथ्यं आणि आकडे ताडून पाहा. मराठीतून गेल्यामुळे मूळ रचना आपसूक मोडते. संदर्भ मात्र तरीही द्यायचाच, कारण कल्पना त्या लेखकाची आहे. टर्निटिनचा टक्का म्हणजे नुसती जुळणी आहे, चोरीचा निकाल नव्हे. संदर्भसूची आणि अवतरणंही त्यात मोजली गेलेली असू शकतात. टक्का पाहून घाबरण्याआधी कुठल्या ओळी रंगल्या आहेत ते पाहा.

संदर्भांची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी, शेवटच्या रात्री ती जमत नाही. झोटेरो हे संदर्भ साठवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे. लेख उघडला की त्याच वेळी त्यात साठवा आणि शब्दशः उतरवलेल्या ओळीपुढे पान क्रमांक लिहा. संदर्भ देण्याच्या हार्वर्ड पद्धतीचं एकच अधिकृत रूप नाही, प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं आपापलं असतं, म्हणून तिथलीच मार्गदर्शिका प्रमाण माना. एपीए या दुसऱ्या पद्धतीची सातवी आवृत्ती असेल, तर तीन किंवा अधिक लेखकांना पहिल्या उल्लेखापासूनच 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर') लागतं. सूचीत आडनाव आधी. भारतीय नावांची आडनावं सॉफ्टवेअर अनेकदा चुकीची ओळखतं, ती हाताने तपासा. चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर मूळ लेख उघडल्याशिवाय कधीच घालू नका, अस्तित्वात नसलेले लेख तो बिनदिक्कत देतो. आणि अशी साधनं वापरण्याबद्दल तुमच्या मॉड्यूलचा नियम काय, ते हँडबुकात आधी वाचा. शब्दमर्यादेत काय मोजलं जातं, तेही तिथेच असतं.

सरावाचा आराखडा असा ठेवता येईल. आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर. पहिल्या दिवशी एक लेख: आधी सारांश आणि निष्कर्ष वाचा, मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य, पूर्ण लेख त्यानंतर. दुसऱ्या दिवशी त्याच्या मराठी नोंदी. तिसऱ्या दिवशी एकच परिच्छेद, १८० शब्दांचा. चौथ्या दिवशी तोच दुरुस्त करा, मोठ्याने वाचून. नवा लिहू नका. सुधारणा होते ती दुरुस्तीतूनच, आणि आपल्या शिक्षणात तिला जागाच नव्हती, कारण उत्तरपत्रिका एकदा दिली की संपलं. प्रताधिकाराच्या आणि पैशाच्या भिंतीमुळे लेख उघडत नसतील, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत असेपर्यंत तिथल्या हंसा मेहता ग्रंथालयात चौकशी करा, आणि गूगल स्कॉलरमध्ये लेखाच्या उजव्या बाजूला पीडीएफचा दुवा आहे का ते पाहा.

घरच्यांनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असते. तिथले ६२ हे चांगले गुण आहेत, दांडिया बाजारातल्या आजी-आजोबांना ते ऐकताना कमी वाटले तरी.

तिकडे पोचल्यावर बहुतेक विद्यापीठांत लेखनाला मदत करणारा विभाग असतो, त्याची वेळ पहिल्याच महिन्यात घ्या. पूर्ण असाइनमेंट देऊन 'तपासून द्या' म्हणालात तर ते बहुधा नकार देतील, कारण प्रूफरीडिंग हे त्यांचं काम नाही. एकच परिच्छेद, असाइनमेंटचा प्रश्न आणि मागचा शेरा एवढंच घेऊन जा, आणि विचारा: यातला दावा तुम्हाला कोणत्या वाक्यात दिसतो? त्यांनी दाखवलेलं वाक्य तुमच्या मनातलं नसेल, तर तो परिच्छेद तिथेच बसून पुन्हा लिहा.