तांड्यापासून मतदान केंद्रापर्यंत

बीड जिल्ह्यातील आमच्या तांड्याचे मतदान केंद्र ओढ्यापलीकडच्या गावातील शाळेत असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २५ नुसार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने निवडणूक आयोगाच्या पूर्वमान्यतेने पुरेशी केंद्रे ठरवून त्यांची यादी प्रसिद्ध करायची असते. मात्र मतदाराला २ किलोमीटरहून अधिक चालावे लागू नये, हा दंडक कलमात नाही, तो आयोगाच्या सूचनांमध्ये आहे. तो कायद्यातच लिहिला जावा, असे मला मनापासून वाटते, कारण गुडघे धरून चालणाऱ्या माझ्या आजीचा (घरून मतदानाच्या सोयीसाठी तिला ८५ वर्षे पूर्ण व्हायची आहेत) त्या वाटेवर अर्धा दिवस जातो. केंद्रांच्या प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेता येते, हे तांड्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढची यादी मी तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांच्या अंगणात मोठ्याने वाचून दाखवणार आहे.