तीन टियर, मे महिना आणि आगाशीची सुकेळी

अकरा आठवडे बाकी

बहिणीच्या मुलीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, इथेच वसईत. चारला चर्चमध्ये मिस्सा, सातपासून वाडीत मांडव. हॉल नाही, एसी नाही. "मावशी, केक तूच करायचास," एवढं सांगून तिने फोन ठेवला आणि दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ चवींची यादी आली.

माझी आजवरची मजल दोन टियर (केकचे एकावर एक मजले) आणि साडेतीन किलो, तीही डिसेंबरातली. म्हणून ही वही नीट लिहून ठेवतेय, तुमच्यापैकी कुणी मेमध्ये असला उद्योग अंगावर घेतला तर उपयोगी पडेल.

आधी हिशेब. माणसं चारशे. टियर १०, ८ आणि ६ इंचांचे, प्रत्येक चार इंच उंच. एक बाय दोन इंचाचा तुकडा धरला तर अनुक्रमे ३८, २४ आणि १२, म्हणजे एकूण ७४. बाकीच्यांसाठी मागे मोठ्या चौकोनी ट्रेमधले केक, आतून तेच, वर नक्षी नाही. त्यामुळे जी चव ठरेल ती चार-पाच पटींत आणि दोन दिवस आधी करून ठेवता आली पाहिजे. एका वाटीपुरतं जमणारं नाजूक काम इथे चालणार नाही.

यादीत रेड वेल्वेट, रसमलाई, बिस्कॉफ, चॉकलेट-हेझलनट, ब्लूबेरी, गुलकंद-पान, शहाळं, पिस्ता-गुलाब आणि सॉल्टेड कॅरॅमल. रेड वेल्वेट मी त्याच रात्री खोडला. थोडं ताक, चिमूटभर कोको आणि बाकी सगळा बाटलीतला रंग. डोळे मिटून खाल्ला तर कुणाला ओळखू यायचा नाही. भाची रुसली. रुसू दे.

नऊ आठवडे बाकी

उपवासकाळ चालू आहे. घरातल्या अर्ध्या माणसांनी ईस्टरपर्यंत गोड सोडलंय, म्हणजे चाखायला मी आणि शेजारची दोन पोरं. पोरांना सगळंच आवडतं, त्यामुळे त्यांचं मत मोजत नाही. मग ठरवलं, चव राहू दे, आधी उन्हाची परीक्षा घेऊ.

सहा स्टीलच्या ताटल्या, प्रत्येकीत स्पंजच्या दोन चकत्या, मध्ये बोटाच्या पेराएवढं फिलिंग, वर पाव किलो साखरेची पुडी. पुडी म्हणजे वरच्या थरांचं वजन. दुपारी तीनला ओटीवर मांडलं, सावलीत. थर्मामीटर ३३ दाखवत होता.

दुधाचं व्हिप्ड क्रीम चाळीस मिनिटांत गेलं. आधी कडेला एक थेंब, मग ताटलीत डबकं, आणि वरची चकती पुडीसकट हळूच डावीकडे सरकली. स्विस मेरँग बटरक्रीमवर, म्हणजे अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून त्यात लोणी घालतात त्यावर, माझा फार जीव होता. रेशमासारखं फेटलं गेलं होतं. पण लोणी २८ अंशांच्या पुढे लुळं पडतं आणि ३२ ते ३५ मध्ये वितळतंच, त्यापुढे फेटण्यातलं कौशल्य काय करणार? तासाभरात त्यावर तेलकट चकाकी आली. डार्क चॉकलेटचं एकास एक गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) बाहेर राहिलेल्या श्रीखंडासारखं झालं: खायला उत्तम, उभं राहायला नालायक. तेच दोनास एक घेतलं, म्हणजे २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम, तर सहा वाजेपर्यंत बोट लावलं तरी ठसा नीट उमटत होता. व्हाइट चॉकलेटचं तिनास एकही टिकलं. (साधं २५ टक्के फॅटवालं फ्रेश क्रीम गनाशला पुरतं. ते फेटलं जात नाही, पण इथे फेटायचंच नाहीये.)

सहाव्या ताटलीत अननसाचा चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर) घातलेला थर होता. तो जसाच्या तसा! जिलेटीन तिशीच्या पुढे पाघळायला लागतं. चायना ग्रास ३५ ते ४० अंशांना घट्ट होतो आणि पुन्हा वितळायला ८५ च्या आसपास जावं लागतं. शिवाय शाकाहारी. मांडवात ८५ अंश झाले तर केकची काळजी कुणाला?

पोरांनी सहाही ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या, डबक्यासकट.

आठ आठवडे बाकी

आज फ्रूट केक. यावर भाचीशी पंधरा मिनिटं वाजलं. तिचं म्हणणं, हल्ली कुणी खात नाही, इंग्लंडच्या राजघराण्यानेही सोडला. खरं आहे: २०११ मध्ये विल्यम आणि केटचा फ्रूट केक होता, २०१८ मध्ये हॅरी आणि मेगनने लिंबू आणि एल्डरफ्लॉवर निवडला. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याकडे केक म्हटलं की काळाच."

माझं कारण वेगळं आहे. फ्रूट केकला फिलिंग लागत नाही, तो उन्हाला भीत नाही, महिनाभर आधी करता येतो आणि वरचे दोन टियर मुकाट झेलतो. आणि तो इंच बाय इंचच कापायचा असतो, त्यामुळे १० इंचाच्या टियरमधून ३८ नाही, सत्तरेक तुकडे निघतात. खालचा टियर ठरला.

पण नाताळचाच केक मेमध्ये पुन्हा कशाला? म्हणून सुकेळी घातली. बाहेरगावच्या वाचकांसाठी: राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. आमच्या आगाशीची प्रसिद्ध. रंग गडद मधाचा, बाहेरून चामड्यासारखी, आत चिकट, आणि वास थेट गुळाच्या काकवीकडे जाणारा. सुरीने कापायला गेलात तर सुरीच धुवावी लागते. कात्री गरम पाण्यात बुडवायची, तीन तुकडे कापायचे, पुन्हा बुडवायची. ३०० ग्रॅमला अर्धा तास लागला. बाकी ६०० ग्रॅममध्ये काळ्या मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल आणि थोडं आलं. सगळं रममध्ये, बरणीत, दोन आठवडे.

केकच्या काळ्या रंगासाठीची जळकी साखर पहिल्यांदा बिघडली. साखर तांबडी होऊन मग काळी पडते, त्यात एक क्षण असा येतो की फेस वर येतो आणि धुराला कडवट वास लागतो. त्याच्या जरा आधी पाणी ओतायचं, उकळतं आणि हात लांब ठेवून. मी फोन घ्यायला वळले. तो पाक भांड्यासकट बाहेर ठेवला आणि भांडं अजून घासतेय.

पहिली छोटी ट्रायल गोड झाली, फार गोड. सुकेळीत स्वतःचीच साखर इतकी असते, ते मी धरलंच नव्हतं. पुढच्या वेळी केकमधली साखर ६० ग्रॅमने कमी आणि दोन लिंबांची किसलेली साल जास्त. आता बरोबर वाटतोय. सुकेळी भाजल्यावर दाताला टॉफीसारखी लागते, हे मात्र अनपेक्षित.

सहा आठवडे बाकी

मधला टियर आंब्याचा, यावर मुळात चर्चाच नव्हती. मेमध्ये हापूस सोडून ब्लूबेरी आणणारा माणूस मला भेटलेला नाही.

अडचण अशी की हापूस नुसता खाताना जो भरून उरतो, तो केकमध्ये लोणी आणि साखरेखाली दबतो, सपाट होतो. पहिला आंबा कर्ड (दही नव्हे, शिजवून घट्ट केलेलं फिलिंग) डब्यातल्या गोड रसाचा केला: रस, चार पिवळे बलक, साखर, लोणी, लिंबू, मंद आचेवर ८० अंशांपर्यंत. घट्ट झाला, रंगही सुरेख, चव मात्र थंड मँगो पेयासारखी. लिंबू वाढवलं तर लिंबाचीच चव. मग डोक्यात आलं की आंब्याचा आंबटपणा आंब्याकडेच आहे की! एक कैरी उकडली, पन्ह्याला काढतो तसा गर काढला, ३०० ग्रॅम रसात तीन मोठे चमचे घातला आणि लिंबू पूर्ण काढून टाकलं. चमचा तोंडात गेल्यावर आधी हापूस आणि गिळताना कैरी. त्या रात्री मी वाटीभर नुसतंच खाल्लं. उपवासकाळात गोड सोडल्याचं मी कधी बोलले नव्हते, हे इथे नमूद करते.

कर्ड एकटं उन्हात पसरतं. त्यामुळे प्रत्येक थराच्या कडेला व्हाइट गनाशचा बोटभर रुंद बांध, आणि आत कर्ड. बांधाची उंची कर्डपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर वरचा स्पंज कर्डावर तरंगतो. आंब्याच्या ताज्या फोडी नकोत. साखरेला लागल्या की पाणी सोडतात आणि दुसऱ्या दिवशी स्पंज गिजगिजा.

आता अननस. नवरा मुलगा मितभाषी. चवीचं विचारल्यावर तीनदा "काहीही चालेल" म्हणाला, चौथ्यांदा हळूच, "पायनॅपल मिळेल का? लहानपणी वाढदिवसाला असायचा तो, चेरीवाला." त्याच्या ऑफिसातली बरीच मंडळी अंडं खात नाहीत, तेव्हा एक टियर एगलेस हवाच होता. वरचा सहा इंची टियर त्याचा.

पायनॅपलला मी आजवर नाक मुरडत आले. पण तो बेकरीतला पायनॅपल डब्यातल्या फळाचा असतो, त्यामागे स्वस्ताई सोडूनही एक कारण आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं, त्यामुळे जिलेटीन जमत नाही आणि दुधाच्या क्रीमला कडवट चव येते. डब्यात भरताना फळ तापवलेलं असतं, एन्झाइम मरतं. आपणही तेच करायचं: ताजा अननस बारीक चिरून साखरेबरोबर पाणी आटेपर्यंत शिजवायचा. मी त्यात एक चक्रीफूल टाकलं आणि काढताना चार मिरीदाणे भरड कुटून. मग चायना ग्रास. स्पंज कंडेन्स्ड मिल्क आणि सोड्याचा. तो मऊ असतो, वजन झेलत नाही, म्हणूनही तो सगळ्यात वरच बरा.

बारा तुकड्यांत शाकाहारी मंडळी आटोपणार नाहीत, मागे त्याचा वेगळा ट्रे लागेल. सुरी वेगळी, वाढणारा वेगळा. हे वाढप्याला दोनदा सांगायचं.

पाच आठवडे बाकी

ईस्टर झाला. सोमवारी चौदा माणसं जेवायला बोलावली आणि जेवणानंतर चाखायला लावलं. मुद्दाम जेवणानंतर. लग्नात केक इंद्याल आणि पुलावाच्या मागून येतो, रिकाम्या पोटी नाही. भाचीच्या आग्रहाखातर रसमलाई आणि बिस्कॉफही केले होते. चिठ्ठ्यांवर गुण.

पहिली आली रसमलाई. माझ्या तीनही चवी मागे! मी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या.

खरं सांगायचं तर ती झालीच होती सुरेख. पण केशर-वेलचीच्या दुधात भिजलेला स्पंज, मध्ये पनीरचं क्रीम, आणि चार तास उघडा मांडव. वितळणं सोडा, मला चारशे पोटांची भीती. भाचीला चार आठवड्यांपूर्वीच्या ताटलीचा फोटो दाखवला, पुडी डावीकडे सरकलेली. ती बराच वेळ बघत राहिली. "मग रसमलाई लग्नानंतरच्या रविवारी, फ्रीजमधून थेट," असा तह झाला.

बिस्कॉफ जेवणानंतर कुणाला दोन घासांपलीकडे गेला नाही. सुकेळीचा केक म्हाताऱ्यांनी उचलला हे अपेक्षित होतं, पण भाचीच्या मैत्रिणीने तीनदा घेतला आणि विचारलं की हे खजूर कुठले. आजीने पायनॅपलचा तुकडा काट्याने उलटसुलट केला. "मऊ आहे गं. चावायचं काय?" नवरा मुलगा काही बोलला नाही. त्याने आजीचाही तुकडा संपवला.

तीन आठवडे बाकी

ठरलं: खाली सुकेळीचा फ्रूट केक, मध्ये आंबा-कैरी, वर एगलेस पायनॅपल, चेरीसकट. मूळ यादीतल्या नऊपैकी एकही नाही. बाहेरून तिन्हीवर तिनास एक व्हाइट गनाश आणि पातळ फॉन्डंट (लाटून चढवायचं साखरेचं आवरण). फ्रीजमधून काढल्यावर फॉन्डंटला घाम फुटेल, त्याला पुसायचं नाही, पंखा लावून थांबायचं.

पूर्वी वरचा टियर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी ठेवत, कारण तो फ्रूट केक असे. आमच्या वर पायनॅपल, तो आठवडाभरही टिकायचा नाही. म्हणून चार इंचाचा एक वेगळा फ्रूट केक भाजलाय. भाचीला सांगितलेलं नाही, उगाच विषय निघतो.

दोन गोष्टी अडल्यात. एक, वीज. उन्हाळ्यात इथे दुपारची जाते आणि आमच्या इन्व्हर्टरवर फ्रीज चालत नाही, त्यामुळे कर्ड बहिणीकडे न्यावं लागेल. दुसरी, घर ते वाडी सव्वा किलोमीटर आणि मध्ये सात गतिरोधक. परवा गाडीत मागच्या सीटखाली, सपाट जागेवर, पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवून जाऊन आले. पाचव्याला सांडलं. तेव्हा टियर वेगवेगळ्या खोक्यांत न्यायचे आणि डॉवेल (वरच्या टियरचं वजन पेलणाऱ्या आतल्या काड्या) तिथेच ठोकायचे.

मोठा फ्रूट केक डब्यात आहे. दर रविवारी मिस्साहून आल्यावर वरून दोन चमचे रम. आज झाकण आईने उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "तीन घाल."